जित्याच्या फोटोले तारीख नाई

पुणे
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

वाहेद,

लेका, तुझे कान गेल्यापासून तुझ्याशी बोलायचं म्हणजे पोस्टमनला मध्ये घालावं लागतं. मागच्या वेळी फोन केला तर तू अर्धा तास "कोन? कोन बोलून राह्यलं?" एवढंच ओरडत होतास. शेवटी मीच ठेवला. म्हणून हे पत्र, आणि पत्रासोबत एक डबी. डबी उजेडात उघडू नकोस, हे तुला सांगायला नको.

आत फिल्मचा एक रोल आहे. आमच्या सरकारी खात्यात नकाशे उतरवायला वापरायचे ती. मी निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी भंगारात काढलेल्या सामानातून उचलून आणली होती. इतकी वर्षं फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे पडून होती. बारा फोटो निघतील इतकी मी काळ्या पिशवीत हात घालून भरली आहे. अशी फिल्म आता कुठे मिळत नाही.

काम असं आहे. ताईचा एक फोटो काढून पाठव.

तू म्हणशील, भाचा खामगावातच आहे, मोबाइलवर काढून एका मिनिटात पाठवील. सांगून पाहिलं. मोबाइल समोर धरला की ती तोंडावर पदर घेते म्हणे. फोनवरही येत नाही. भाऊजी गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी फोन केला की सून उचलते, करिष्मा. "आई झोपल्यात." सकाळी दहाला झोपल्यात, संध्याकाळी सहाला झोपल्यात. मी काय समजायचं ते समजलो. वामनरावांच्या मातीला मी आलो नाही, ते तिने धरून ठेवलंय. चूक माझीच आहे. मला जमलं नाही. का जमलं नाही ते राहू दे.

पण तू दारात कॅमेरा घेऊन उभा राहिलास तर ती नाही म्हणणार नाही. तिच्या शाळेतल्या नोकरीच्या अर्जाला लावलेला फोटो तुझ्या अब्बांनी काढला होता, आठवतं? त्यातली तिची वेणी मी अजून विसरलो नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार मी कामात असतो. बाकी दिवस पोस्टमनची वाट पाहीन.

तुझा
गोपाळ


खामगाव
२५ नोव्हेंबर

गोप्या,

सलाम. डबी भेटली. बाथरूमात कोंडून घेतलं, दाराच्या फटीले चादर लावली आन् हातानं चाचपली. तुही भाबी, अमीना, बाहीरून दार वाजवून राह्यली होती, म्हने या वयात आतमंधी काय करून राह्यले. मले ऐकू नाई आलं, तिनं मंग सांगतलं.

अबे, सहा नंबराची, एकदम धीमी फिल्म हाय ही! त्यातून मुदत सरली अठ्ठ्याऐंशी सालात. हिले घरातला उजेड म्हंजे काहीच नाई. मी एक तुकडा खिडकीपाशी खुर्ची ठेवून पायला. आठ सेकंद लागले. आठ! तेवढ्या वेळात आजकालची पोट्टी चाळीस फोटो काहाडून, पाहून, पुसून टाकते. एवढ्या धीम्या फिल्मवर फक्त मयतच बरी येईन, गोप्या. ते हालत नाई, खोकलत नाई, "झालं का" म्हनत नाई.

देऊळघाटचे उकंडराव पाटील आठवते का तुले? आपन दोघं एसटीनं कॅमेऱ्याचा स्टँड घेऊन गेल्तो. बुढ्याले खुर्चीत बसोलं, पागोटं बांधलं, आन् तू खुर्चीच्या मांगं दडून त्याची मान धरून होता. अब्बानं आठ मोजले. फोटो असा आला की त्याची सून म्हने, मामंजी आता उठतीन. आन् फोटोच्या मांगं तारीख तूच टाकली होती. ते काम तुलेच देत अब्बा, ताईचं वळन तुह्या हातात होतं म्हनून. मी एक डाव लग्नातल्या नवरीच्या फोटोमांगं तारीख टाकली, तर अब्बानं कानाखाली आवाज काहाडला होता. म्हने, तारीख मयतीची. जित्याच्या फोटोले तारीख नाई टाकाची, त्याची तारीख यायाची हाय अजून.

ताईकडं जातो पुढच्या हप्त्यात. पन एक सांग, तू सोता काऊन येत नाई? गाडी शेगावपरेंत येते, जलंबपरेंत येते. आन् रिटायर मानसाले सोमवार, बुधवार, शुक्रवार कोन्तं काम हाय बे?

वाहेद


खामगाव
१४ डिसेंबर

गोप्या,

तीन फोटो पाठवून राह्यलो. आदीच सांगतो, चांगले नाई आले. फिल्म लय जुनी हाय. फिल्म धुवाचा मसाला बी जुना. माह्या स्टँडचा एक पाय ढिला हाय. मी बी आता बहात्तरचा झालो.

ताई बरी हाय. तिनं मले चहा देल्ला. तुही आठवन काहाडली.

दुसरं काही लिहासारखं नाई.

वाहेद


पुणे
रविवार, २२ डिसेंबर

वाहेद,

तुझे फोटो मिळाले. हे काय पाठवलंस? बेचाळीस वर्षं फोटोचं दुकान चालवलंस ना फरशी भागात? खुर्चीत माझी बहीण आहे की दुधावरची साय, काही कळत नाही. स्टँडचा पाय ढिला म्हणे! ढिला होता तर खाली विटेचा तुकडा ठेवायचा. हे मी तुला शिकवायचं? माझ्याकडे ती एवढीच फिल्म होती. मी काय मागितलं होतं तुझ्याकडे? एक फोटो. जाऊ दे. तुझाही हात थकला, माझंही मागणं चुकलं.

(संध्याकाळी)

पाकीट चिकटवायच्या आधी भिंग घेऊन पुन्हा बसलो. वाहेद, तू माझ्याशी खोटं बोललास.

खुर्चीची वेताची वीण मोजता येते. मागच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचता येतात. ताईच्या पायांची बोटं, जोडवी काढल्याची खूणसुद्धा दिसते. स्टँड हलला असता तर सगळंच हललं असतं. कॅमेरा हलला नाही. फिल्मही ठणठणीत आहे, दगडासारखी. फक्त तिचं डोकं नाही, आणि उजवा हात कोपरापासून पुढे नाहीच. तिन्ही फोटोंत. आठ सेकंद जे थांबत नाही ते या फिल्मवर येत नाही, एवढं मला अजून कळतं.

काय झालंय तिला?

मला सरळ लिही. मी तिथे येऊ शकत नाही, म्हणून तुझ्या डोळ्यांनी पाहतोय आणि तू डोळ्यांवर हात ठेवतोस. आता माझंही सांगतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी चार-चार तास मशीनला बांधलेला असतो. डायलिसिस. तीन वर्षं होतील. भाऊजी गेले तेव्हा शुक्रवार होता. मी सुई टोचलेल्या हाताने फोन कानाला लावून ऐकलं आणि म्हणालो, "ऑफिसच्या कामात अडकलोय." निवृत्त माणूस कोणत्या ऑफिसात अडकतो? पण ती एकटी पडली होती, त्यात माझं कुठे घालू? आता तर हृदयही थकलंय, डॉक्टर प्रवासाचं नाव काढू देत नाहीत. हे ताईला सांगशील तर तुला माझी शपथ आहे.

गोपाळ


खामगाव
२ जानेवारी २०२५

गोप्या,

तुहं पत्र दोन डाव वाचलं. तीन वर्षं! आन् मी तुले गाडीचे टाइम सांगून राह्यलो होतो.

मंग आता ऐक. ताईले कंपवात हाय. तीन वर्षं तिले बी झाले. पयले हात, मंग मान. बोलनं असं झालं की मले बहिऱ्याले वाटलं माह्या कानाचा कसूर हाय, पन करिष्मा म्हने आमाले बी समजत नाई. शाळेत जिचा आवाज मांगच्या बाकावर खनखन वाजे, ती हो का नाई म्हनाले दोन मिनिटं घेते. म्हनून फोनवर येत नाई ती. तुले समजन म्हनून. पयल्याच दिवशी तिनं माहा हात धरला आन् पाटीवर लिहून देल्लं, "गोपाळला सांगितलंस तर तुला माझी शपथ." लिहाले तिले किती टाइम लागला ते मी पायलं, म्हनून मोडता नाई आली. आता मोडून राह्यलो. अल्ला माफ करो.

तिले वाटते तू लय बिझी मानूस हाय. तुले वाटते ती रुसून बसली. तुमी भैनभाऊ दोघंही एकासारखे एक, आन् मधात मी. एक शपथ तिची, एक तुही. सांगाले तोंड हाय तं परवानगी नाई. काय करू मी, सांग बे.

फोटोची गोष्ट म्हनशीन तर मी सगळं करून पायलं. भिंग पुरं उघडलं, तरी दोन सेकंद लागतेच, आन् तेवढ्यात बी ती हालते. अंगनात उजेड हाय, पन बाहीर बसत नाई ती, लोकं पायतात म्हने. गोळी घेतल्यावर अर्धा घंटा थांबलो. मांगून उशी लावली. उकंडरावची मान धरली तशी धरू का म्हनलं, तर हासली. हासली म्हंजे आनखी हालली. आठ सेकंद, गोप्या. अल्लाच्या दुनियेत आठ सेकंद म्हंजे काय असते? तेवढे बी नाई भेटून राह्यले तिले.

दहा फ्रेमा गेल्या. खिडकीपाशी तपासली ती एक. एकच उरली.

वाहेद


पुणे
गुरुवार, ९ जानेवारी

वाहेद,

मोडलीस ते बरं केलंस. माझी मात्र मोडू नकोस, तिला तिचंच पुरे झालंय.

तीन दिवस मी तिचा आवाज आठवतोय. "मले नाही रे दगडा, मला." पुण्याला नोकरीला निघालो तेव्हा जलंबच्या फलाटावरसुद्धा शेवटचं हेच सांगितलं तिने.

एक फ्रेम आहे ना. कधी काढायची, कशी काढायची, तू ठरव. मी आता काही बोलत नाही. फक्त तिचा चेहरा स्थिर दिसू दे. एकदा. तेवढ्यावर माझं भागेल.

गोपाळ


पुणे
शनिवार, २५ जानेवारी

वाहेद,

परवा फोटो मिळाला. पाकिटात चिठ्ठी नव्हती. लिहायला तरी काय होतं तुझ्याकडे, मी समजलो.

फोटो अतिशय चांगला आला आहे. अब्बांना दाखवावा असा. पापण्यांचे केससुद्धा मोजता येतात. मान उशीवर सरळ, दोन्ही हात मांडीवर, उजवा हात पहिल्यांदा पुरा दिसला. हनुवटीखाली तो तीळ. मिटलेले डोळे पाहूनही मी स्वतःला म्हणत होतो, पापणी लवली असेल. मग मागची बाजू पाहिली. "१६ जानेवारी २०२५." तुझं ते वाकडं अक्षर. तुझ्या दुकानातल्या फोटोमागे तारीख कधी येते, ते मला कोणी सांगायला नको. निम्म्या तारखा मीच टाकल्यात.

आठ सेकंद शेवटी मिळाले तिला.

मी थंड पाण्याने आंघोळ केली. बहिणीचं सुतक तीन दिवसांचं. आठवडा होऊन गेला होता तरी मी आज धरून तीन दिवस पाळतोय, कारण मला परवाच कळलं. कोणी मला कळवलंसुद्धा नाही, वाहेद. भाऊजींच्या वेळी कळवलं आणि मी गेलो नाही, म्हणून या वेळी कळवलंच नाही. बरोबर आहे त्यांचं. खामगावला फोन करून कुणाला विचारू? दोन वर्षं "आई झोपल्यात" म्हणणाऱ्या पोरीला म्हणू, की आता तरी खरं सांग?

रेवतीला मी फोटो दाखवला नाही. माझी लेक आहे, पण आत्याला तिने पाहिलंय तरी किती. तिला सांगितलं, पोट बिघडलंय. काल शुक्रवार, मशीनची पाळी होती. गेलो नाही. सोमवारीही जाईन असं वाटत नाही. पोरगी चिडलीय. चिडू दे. तीन वर्षं मी त्या सुया टोचून घेतल्या त्या कशासाठी, ते मला आत्ता कळतंय. मला वाटत होतं, थोडा बरा झालो की एक दिवस तिच्या दारात उभा राहीन आणि ती म्हणेल, आलास का रे दगडा. तेवढ्यासाठीच मी मशीनवर चढत होतो.

मी तिला खोटं सांगितलं. ऑफिसचं काम! ती मला निष्ठुर समजत गेली. आता हे सांगायला कोणी उरलं नाही, म्हणून तुला लिहितो. तुला ऐकू येत नाही, तरी हे मोठ्याने वाच. मला फार वाईट वाटतंय, वाहेद. मले काही सुचून नाई राह्यलं.

गोपाळ


खामगाव
३१ जानेवारी

चि. गोपाळ,

अनेक आशीर्वाद.

मी ताई. अक्षर ओळखू येणार नाही. वरची ओळ मोठी दिसेल, खाली येईपर्यंत मुंगीएवढं होईल. तो रोगाचाच भाग आहे, कागद वाचवत नाहीये मी.

काल वाहेद तुझं पत्र घेऊन धावत आला. वाटेत चप्पल तुटली तर एकाच पायात घालून आला. त्यानं करिष्माला रेवतीकडे फोन लावायला सांगितला, म्हणजे मी आहे हे तुला एव्हाना कळलं असेल. फोन माझ्याही तोंडाशी धरला होता. मी बोलले. रेवती नुसती "हॅलो, हॅलो" करत होती.

मग वाहेदनं तुझं पत्र मला वाचून दाखवलं. तू मोठ्यानं वाच म्हणालास, आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. माझ्यासाठी तू किती रडलास ते सगळ्या आळीला ठाऊक झालं. तुझी शपथही त्यातच मोडली.

१ फेब्रुवारी. काल इतकंच लिहून झालं.

आता ऐक. दुपारी गोळी घेतली की मला खुर्चीतच डोळा लागतो. झोपेत माझं काही हलत नाही म्हणे. मला ते माहीतच नव्हतं. झोपेत स्वतःला कोण पाहतं? करिष्मानं वाहेदला सांगितलं, आणि तो त्या दिवशी दोन तास जिन्याखाली बसून होता, मी झोपायची वाट पाहत. उठले तेव्हा तो आणि करिष्मा लहान मुलांसारखे हसत होते. आनंदाच्या भरात त्यानं चिठ्ठी घातली नाही, आणि शेवटची फ्रेम म्हणून, अब्बांचा नियम विसरून, मागं तारीख टाकली. आता माझ्या ओट्यावर बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतो. मी हात धरायला जाते तर माझाच हात त्याला लागतो. त्याला काही बोलू नकोस.

चूक त्याची नाही. मी पाटीवर शपथ लिहिली. तू ऑफिस लिहिलंस. मी दोन वर्षं तुला दगड म्हणत होते ते रागानं, लाडानं नाही. वामनराव गेले त्या दिवशी मी दाराकडे पाहत होते, रे. तुझ्या हातात सुई होती हे मला कोणी सांगायचं?

२ फेब्रुवारी.

आज रेवतीचा फोन आला. तीन पाळ्या चुकवल्यास; गुरुवारी आमचा फोन घेऊन ती घरी पोचली तोवर तू कोसळला होतास. फुप्फुसात पाणी झालंय, तुला काचेच्या खोलीत ठेवलंय, तोंडाला नळी आहे. मी जिवंत असल्याचं तिनं तुझ्या कानात सांगितलं. तू ऐकलंस की नाही, तिला कळलं नाही.

मी जिवंत असताना तू माझं सुतक धरलंस, मूर्खा. थंड पाण्यानं आंघोळ केलीस या थंडीत. आता मी खरी गेले की पुन्हा करू नकोस, तुझं करून झालंय. एवढ्यासाठी तुला राहायला हवं. तुझं मी काय करणार? मला आंघोळसुद्धा करिष्मा घालते.

तुझ्या भाच्याला, आल्हादला म्हटलं, गाडी कर, मला पुण्याला ने. त्याला तीनदा सांगावं लागलं तेव्हा समजलं. डॉक्टर म्हणाले, वाटेत चिखली ओलांडायच्या आतच घास-पाणी घशात अडकलं तर? पोरानं गाडी केली नाही. त्याचा दोष नाही. मी खुर्चीत, तू खाटेवर.

३ फेब्रुवारी.

हे पत्र रेवती तुला वाचून दाखवेल. पोस्टाला चार दिवस लागतात. आठ सेकंद जमत नाहीत मला, आणि हे चार दिवस मी कसे काढू?

शुद्ध लिहायला गेले की हात जास्त अडतो. म्हणून तुमच्यासारखं लिहिते. मले तुले पाहाचं हाय, गोपाळ.

रेवतीला सांगितलंय, तुझा एक फोटो काढून पाठव. मोबाइलवर काढ म्हटलं, मी पदर घेणार नाही. नळी असली तर असू दे. डोळे मिटलेले असले तरी चालतील.

मागं तारीख मात्र टाकू नको म्हणावं.

तुझी
ताई